ज्यांची वाचनाची पाळी येतच नाही



मराठी शाळेत वाचनाचे दोन प्रकार असतात, प्रकटवाचन आणि मूकवाचन. पहिलीदुसरीत सगळा भर प्रकटवाचनावर. बाई एका कडेच्या बाकापासून सुरुवात करतात. एकेक मूल उभं राहतं, धड्यातल्या दोन ओळी वाचतं, अडखळलं की बाई शब्द सांगतात, मग पुढचं मूल उभं राहतं. मूकवाचन पुढच्या इयत्तांमध्ये येतं. ओठ न हलवता वाचा, असं तिथे सांगितलं जातं आणि ती वाचनाची वरची पायरी मानली जाते. मोठी माणसं वर्तमानपत्र वाचतात, बसची पाटी वाचतात, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचतात, ते बहुतेक सगळं मूकवाचनच असतं.

त्याच वर्गात दाराशी, चाकांच्या खुर्चीत, एक मूल बसलेलं असतं. पाळी त्याच्यापर्यंत येते आणि त्याला ओलांडून पुढच्या बाकावर जाते. यात कोणाच्या मनात वाईट काही नसतं. चारचौघांत त्याला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढाच बाईंचा हेतू. पण प्राथमिक शाळेचं वर्ष किमान दोनशे दिवसांचं असतं. दोनशे दिवस पाळी ओलांडून गेली आणि अशी चार वर्षं गेली, की ते मूल वर्गात बसूनही निरक्षर राहतं. मग त्याच्या नोंदवहीत लिहिलं जातं, ‘वाचन येत नाही’. आलं असतं की नाही, हे कोणी तपासलेलंच नसतं.

आजचं व्याख्यान या मुलांविषयी आहे. यातल्या अनेकांना सेरेब्रल पाल्सी असते, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा होऊन स्नायूंवरचा ताबा गेलेला असतो. काही मुलं स्वमग्न असतात, काहींना जनुकीय आजार असतात. ऐकू येतं, पण शब्द तोंडातून बाहेर पडत नाही, किंवा घरच्यांशिवाय कोणाला कळेल असा पडत नाही. २०११ च्या जनगणनेने देशात वाचेचं अपंगत्व असलेली जवळजवळ २० लाख माणसं मोजली. त्यातली सगळीच पूर्ण न बोलणारी नाहीत. शिवाय न बोलणारी कित्येक मुलं बहुविकलांगांच्या रकान्यात मोजली जातात, म्हणून हा आकडा नेमका नाही. घरच्यांचं वाक्य मात्र सगळीकडे एकच असतं : ‘त्याला कळतं सगळं, फक्त बोलता येत नाही.’ हे वाक्य शाळा खरं धरते, की आईची माया म्हणून सोडून देते, यावर त्या मुलाचं पुढचं पुष्कळ काही ठरतं.

आवाज गेला तरी अक्षरांनी बोलता येतं, याची दोन उदाहरणं पाहू. १९८५ साली भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग जिनिव्हाला गेले असताना त्यांना न्यूमोनियाने गाठलं. जीव वाचवण्यासाठी श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि उरलासुरला आवाजही कायमचा गेला. पुढे संगणकाचा तो ओळखीचा यांत्रिक आवाज आला. पण तो येईपर्यंतच्या काळात त्यांचं बोलणं असं चालायचं : कोणीतरी अक्षरांचा तक्ता समोर धरायचा, एकेका अक्षरावर बोट ठेवत जायचं आणि हवं ते अक्षर आलं की हॉकिंग भुवई उंचावायचे. फ्रान्समध्ये एका नियतकालिकाचे संपादक असलेले जाँ-दोमिनिक बोबी १९९५ च्या डिसेंबरात मेंदूच्या झटक्यानंतर केवळ डाव्या डोळ्याच्या पापणीचे धनी उरले. त्यांच्यासमोर फ्रेंच अक्षरं म्हटली जात, भाषेत जास्त वापराची आधी, कमी वापराची नंतर. योग्य अक्षराला ते पापणी मिटत. अशा रीतीने त्यांनी एक पूर्ण पुस्तक सांगितलं. ते १९९७ मध्ये छापून आलं आणि नंतर काही दिवसांतच बोबी गेले.

या दोघांविषयी ऐकलं की लोकांना यंत्राचं किंवा जिद्दीचं कौतुक वाटतं. कौतुक करायलाच हवं. पण त्या भुवईला आणि त्या पापणीला अर्थ होता, कारण दोघांनाही लिहितावाचता येत होतं. वाचा जाण्याआधी अक्षरं येऊन चुकली होती. जन्मापासून न बोलणाऱ्या मुलाला भुवई आहे, पापणी आहे, तक्ताही करून देता येईल. अक्षरं मात्र कोणीतरी शिकवावी लागतात.

ती शिकवली नाहीत तर काय होतं, ते अमेरिकेतल्या रूथ सिएन्केविच-मर्सर यांच्या आयुष्यात दिसतं. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांना बोलता येत नव्हतं, हातपायही ताब्यात नव्हते. १९६२ मध्ये, लहान वयात, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बेल्चरटाऊन स्टेट स्कूलमध्ये त्यांना ठेवण्यात आलं. नाव शाळेचं, पण ती होती मतिमंद ठरवलेल्या माणसांना ठेवण्याची संस्था. बुद्धी शाबूत असलेली ही मुलगी तिथे १९७८ पर्यंत राहिली. डोळे वर केले की ‘हो’, एवढी खूण तिच्याजवळ होती. पुढे शब्दांचे फलक आले आणि त्यांच्या आधाराने १९८९ मध्ये तिचं आत्मचरित्र निघालं. ते लिहिण्याची रीत पाहिली की जीव तुटतो. फलकावरच्या शब्दाकडे ती नजरेने खूण करणार, सहलेखक त्यावरून अंदाज बांधून प्रश्न विचारणार, ती डोळ्यांनी हो किंवा नाही म्हणणार. फलकावर जो शब्द नाही, तो समोरच्याला सुचेपर्यंत ती थांबणार. बोबी यांना हवा तो शब्द स्वतः जुळवता येत होता. रूथना तो दुसऱ्याच्या डोक्यात उगवण्याची वाट पाहावी लागे.

चित्रफलक आणि शब्दफलक यांना इथे कमी लेखायचं नाही. त्यांच्यामागेही मोठ्या कष्टांचा इतिहास आहे. चार्ल्स ब्लिस नावाच्या गृहस्थांनी नाझी छळछावणी भोगली, सुटका झाल्यावर शांघाय गाठलं, तिथल्या चिनी लिपीवरून त्यांना कल्पना सुचली आणि जगातल्या सर्वांना वाचता येईल अशी चिन्हलिपी त्यांनी रचली. १९४९ मध्ये तिचा ग्रंथ निघाला. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९७१ मध्ये टोरांटोतल्या अपंग मुलांच्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चिन्हं न बोलणाऱ्या मुलांपुढे ठेवली आणि मुलं वाक्यं करू लागली. संवादफलकांच्या चळवळीला तिथून मोठा वेग आला. बोट दाखवून ‘पाणी’ मागता येणं, ‘नको’ म्हणता येणं, ही लहान गोष्ट नाही. फलक रोज हवा, घरी हवा, शाळेत हवा, गाडीत हवा. पण फलकावर कोणती चित्रं लावायची हे मोठी माणसं ठरवतात. मुलाच्या मनात जे येईल ते आपल्याला आधी सुचलेलं असावं लागतं. फलकावर ‘भूक’ असते, ‘शी’ असते, ‘टीव्ही’ असतो. ‘मत्सर’ नसतो. ‘काल तुम्ही खोटं बोललात’ हे वाक्य नसतं.

मराठीत ही अडचण आणखी खोल आहे. बहुतेक चित्रफलकांची मूळ रचना इंग्रजीसाठी झालेली. घराचं चित्र दाखवलं की ‘घर’ मिळतं, पण मराठीत नुसत्या ‘घर’ शब्दाने वाक्य पुढे सरकत नाही. घरी, घरात, घरातून, घराकडे, घरच्यांनी. शाळेचं चित्र दाखवून ‘शाळेत’ म्हणता येत नाही, कारण प्रत्यय लागण्याआधी शब्द सामान्यरूप घेतो आणि त्या सामान्यरूपाला चित्र नसतं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या अभ्यासकांनी रोजच्या संवादासाठी ३६ मूलभूत शब्दांचा एक फलक तयार केला. इंग्रजीत तो फार उपयोगी पडतो. त्यातला ‘आवडणे’ मराठीत आणला की पहिल्याच दिवशी तीन रूपं लागतात : आंबा आवडतो, भाकरी आवडते, वरण आवडतं. चित्रांनी बोलणारं मराठी मूल ‘मी शाळा जा’ असं बोलतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की त्याची भाषाच कच्ची आहे. कच्चा फलक असतो. एक मात्रा आणि एक ‘त’ त्याच्या हाती दिला, तर तेच मूल ‘शाळेत’ लिहू शकतं.

इथे एक शंका हमखास येते, शिक्षकांनाही आणि डॉक्टरांनाही. ज्याला ‘क’ म्हणता येत नाही, त्याला ‘क’ वाचता कसा येईल? शब्द तोंडाने फोडता येत नसेल, तर तो कानात कसा फुटेल? शंका रास्त आहे आणि तिची तपासणीही झाली आहे. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये डोरोथी बिशप आणि त्यांच्या सहकारी रॉबसन यांनी जन्मतःच बोलू न शकणाऱ्या व्यक्तींची परीक्षा घेतली. चित्रं पाहून त्यांची नावं मनातल्या मनात म्हणायची आणि कोणत्या दोन नावांचं यमक जुळतं ते ओळखायचं. बोलू न शकणाऱ्यांची यमकाची समज आणि शब्दांची तात्पुरती स्मृती त्यांना शाबूत आढळली. आयुष्यात एकही शब्द न उच्चारलेल्या माणसाच्या मनात शब्दांचा नाद असू शकतो. स्वीडनमध्ये अनिका डाह्लग्रेन सँडबर्ग यांनी अशा मुलांचा पुढे अभ्यास केला. ध्वनींची जाण चांगली असूनही या मुलांचं वाचन आणि शब्दलेखन अपेक्षेपेक्षा मागे राहतं, असं त्यांना दिसलं. याचा अर्थ सरळ लावायचा तर पाया असतो, भिंत उभी राहत नाही. भिंत बांधण्याचं काम शाळेचं आहे.

ते कसं करायचं, यावर सर्वांत सविस्तर काम कॅरन एरिक्सन आणि डेव्हिड कोपेनहेव्हर या दोघांनी केलं आहे. त्यांचं अलीकडचं मोठं पुस्तक २०२० मध्ये आलं. त्यांच्या पद्धतीतली पहिली गोष्ट आपल्या सवयीला धक्का देणारी आहे : पूर्वअट कोणतीही नाही. मूल आधी स्थिर बसलं पाहिजे, आधी चित्रं ओळखली पाहिजेत, आधी हो-नाही पक्कं झालं पाहिजे, मग अक्षरं, हा क्रम ते मानत नाहीत. बोलणारी मुलं तरी कुठे त्या क्रमाने शिकतात? मांडीवर बसून गोष्ट ऐकताना, दुकानाच्या पाट्या बघताना, भिंतीवर रेघोट्या ओढताना ती लिपीत शिरतात.

शिक्षकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत, असं हे दोघे सांगतात. मुलाला बरीचशी अक्षरं बहुतेक वेळा ओळखू येतात का? कोणी पुस्तक वाचून दाखवताना ते रमतं का? संवादाचं काहीतरी साधन त्याच्यापाशी आहे का? लिहिणं म्हणजे अक्षरं मांडणं, हे त्याला उमगलं आहे का? चारही उत्तरं ‘हो’ असतील, तर इतर मुलांसारखं रीतसर वाचनलेखन सुरू करायचं. एकही ‘नाही’ असेल, तर आधीच्या टप्प्याची कामं रोज करायची. दोन्हीकडे अक्षरं आहेतच. अक्षरांविना एकही दिवस नाही.

या आधीच्या टप्प्यावर थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे नेमकं तेच सुटतं. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाच्या हाती खडू लागला की ते फरशीवर रेघोट्या ओढतं. आई विचारते, ‘काय काढलंस?’ ते म्हणतं, ‘भूभू.’ फरशीवर भूभू नसतो, तरी आई म्हणते, ‘वा, केवढा मोठा भूभू!’ अशा शेकडो रेघोट्यांनंतर एक दिवस त्यातून अक्षरासारखं काहीतरी निघतं. ज्याच्या हातात खडू राहत नाही, त्याच्या वाट्याला रेघोट्या कधीच येत नाहीत. आठव्या वर्षी त्याच्यासमोर एकदम शब्दपट्ट्या ठेवल्या जातात आणि ‘यातला आंबा दाखव’ अशी परीक्षा सुरू होते. दुसरं टोक म्हणजे हातावर हात ठेवून धुळाक्षरं गिरवून घेणं. वही भरते, पण ते गिरवणं शिक्षकाच्या हाताचं असतं.

म्हणून त्याला वेगळी पेन्सिल द्यायची. ती पेन्सिल म्हणजे सगळी मुळाक्षरं असलेला तक्ता, की-बोर्ड किंवा नजरेने दाखवायची पारदर्शक पाटी. मूल बोटाने, मुठीने, नजरेने, डोक्याला बांधलेल्या दांडीने किंवा दुसऱ्याने अक्षरं म्हणत असताना मान हलवून अक्षर निवडेल. ते जे निवडेल ते शिक्षकाने कागदावर उतरवायचं. ‘टकमळळप’ आलं तरी उतरवायचं. ही त्याची रेघोटी आहे. ‘अरे, यात म आहे, मामाच्या घरचं लिहितोयस का?’ असं विचारायचं आणि फलकावर ‘मामा’ दाखवायचं. चूक काढायची नाही, बरोबर शब्द वरून लिहून द्यायचा नाही. महिन्यांमागून महिने हे चालतं. मग त्या गर्दीत एक दिवस स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर नावाच्या जागी येऊन बसतं.

आता हा तक्ता मराठीत कसा असावा? इथे आपल्या पूर्वजांनी एक तयार वस्तू ठेवून दिली आहे. रोमन वर्णमालेचा क्रम परंपरेने चालत आलेला आहे, त्यामागे ध्वनीचा नियम नाही. बोबी यांच्यासाठी वापराप्रमाणे वेगळा क्रम रचावा लागला. आपल्या वर्णमालेत कंठापासून ओठांपर्यंत पाच वर्ग आणि प्रत्येक वर्गात पाच वर्ण आहेत. पाच ओळी, पाच रकाने. सहाय्यकाने फक्त विचारायचं : ‘क-ओळ? च-ओळ? ट-ओळ?’ मुलाने ठरलेली खूण केली की त्या ओळीतली अक्षरं एकेक करून म्हणायची. कोणतंही स्पर्श व्यंजन जास्तीत जास्त दहा प्रश्नांत सापडतं. त्याखाली य र ल व, मग श ष स ह ळ, वर स्वरांची ओळ आणि सर्वांत खाली काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण.

बाराखडीचा तक्ता या कामी वापरू नये. ३४ व्यंजनं बारा रूपांत मांडली की ४०८ चौकोन होतात. मानेच्या हालचालीवर जगणाऱ्या मुलासाठी ते रान आहे. चिन्हं सुटी ठेवली तर ‘पाणी’ हा शब्द चार निवडींत होतो : प, काना, ण, दुसरी वेलांटी. ‘आई’ दोन निवडींत. पहिल्या वेलांटीचा एक घोळ आहे. ती लिहिताना अक्षराच्या आधी येते, पण बोलण्यात नंतर. तक्त्यावर ऐकू येईल तोच क्रम ठेवावा, आधी ‘क’ आणि मग वेलांटी. संगणकही तसंच मानतो. आणि मुलाने ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिलं, तर आधी पाणी द्यावं. पुष्कळ घरांत ‘पानी’च म्हणतात, त्याने कानाला आलं ते प्रामाणिकपणे लिहिलं आहे. ण नंतर शिकवता येतो.

अक्षरं घरचं माणूसही शिकवू शकतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या डब्लिनच्या क्रिस्टी ब्राऊनची गोष्ट सिनेमामुळे पुष्कळांना माहीत आहे. पाच वर्षांचा असताना त्याने बहिणीच्या हातातला खडू डाव्या पायाच्या बोटांत पकडला. घर गरीब, मुलं भरपूर. पण आईने त्या क्षणी हातातलं काम सोडलं, जमिनीवर ‘ए’ हे अक्षर काढलं आणि ‘काढ’ म्हणून बसली. त्याने काढलं. सिनेमा तिथे डोळ्यांत पाणी आणतो. खरा भाग त्यानंतरचा आहे. ही आई पुढे रोज वेळ काढून एकेक अक्षर शिकवत राहिली, तो पूर्ण शब्द लिहू लागेपर्यंत. १९५४ मध्ये त्याचं ‘माय लेफ्ट फूट’ प्रसिद्ध झालं.

मुंबईची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. मालिनी छिब यांचा जन्म १९६६ चा, सेरेब्रल पाल्सी जन्मापासून. त्यांची आई डॉ. मिठू अलूर यांना आपल्या मुलीसारख्या मुलांसाठी भारतात शाळा मिळेना, म्हणून त्यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. आज ती ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. मालिनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या. त्यांचं बोलणं परक्याला समजणं कठीण. एका बोटाने टाइप केलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं छोटं यंत्र त्या वापरतात. २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘वन लिटल फिंगर’ आहे. इंग्रजीशी परिचित, परदेशी जाऊ शकणारं घर त्यांना मिळालं, हे खरं. म्हणूनच विचारावं लागतं की हिंगोलीच्या किंवा गडचिरोलीच्या खेड्यातल्या मुलीचं काय. तिच्या आईलाही माया तेवढीच आहे.

एका वाटेपासून मात्र कळकळीने सावध करायला हवं. १९७७ च्या सुमारास मेलबर्नच्या एका रुग्णालयात रोझमेरी क्रॉसली यांनी न बोलणाऱ्या मुलांचा हात किंवा मनगट धरून त्यांना अक्षरांकडे बोट करायला लावलं आणि त्यातून वाक्यं येऊ लागली. १९९० नंतर ही रीत अमेरिकेत वणव्यासारखी पसरली. वर्षानुवर्षं मुकी असलेली मुलं एकाएकी कविता लिहू लागली. आईवडिलांना काय वाटलं असेल, ते सांगायला नको. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका संस्थेत याची चाचणी घेतली गेली. १२ स्वमग्न व्यक्तींना एक चित्र दाखवलं, हात धरणाऱ्या सहाय्यकाला कधी तेच, कधी वेगळं. चित्रं वेगळी असताना योग्य उत्तर एकदाही आलं नाही. उलट कित्येकदा सहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचं नाव टाइप झालं. सहाय्यक लबाड नव्हते. आपलाच हात लिहितो आहे, हे त्यांना कळत नव्हतं. अमेरिकेच्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये या रीतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. सहाय्यकाने फळा हातात धरून सतत सूचना देण्याच्या दुसऱ्या एका रीतीपासूनही २०१८ मध्ये तिने सावध केलं.

मघाशी सांगितलेला वर्गांचा तक्ता आणि ही रीत यांत फरक काय, असं कोणी विचारेल. तक्त्यावर निवड मुलाची असते; सहाय्यकाचा हात त्याच्या अंगाला लागत नाही आणि खूण सर्वांना दिसते. तरीही तपासत राहावं. सहल झाली तेव्हा जो शिक्षक तिथे नव्हता, त्याला मुलाने सहलीत काय घडलं ते सांगावं. जुळलं, तर शब्द मुलाचे. ही तपासणी मुलावर अविश्वास म्हणून करायची नाही. त्याचं वाक्य त्याचंच राहावं, दुसऱ्या कोणी ते बळकावू नये, यासाठी करायची.

कायदा आपल्याकडे चांगला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात संवादाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी साधनं धरली आहेत, आणि कलम १७ नुसार अशा साधनांच्या वापराला प्रोत्साहन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. पण वाचनाचं मोजमाप तोंडी आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं लक्ष्य आहे. ‘असर’ची शैक्षणिक पाहणी २००५ पासून होते, तीतही मूल अक्षर, शब्द, परिच्छेद मोठ्याने वाचतं. कोट्यवधी मुलांसाठी हे मोजमाप उपयोगाचं आहे. न बोलणाऱ्या मुलासाठी त्यात रकाना नाही. त्याला परिच्छेद मनात वाचू द्या, चार चित्रांतून योग्य चित्र निवडू द्या, की मोजमाप झालं. मूकवाचन शाळेला ठाऊक आहेच, ते या मुलासाठी पहिलीतच मान्य करायचं आहे.

परीक्षेतही तेच. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. साधनाने बोलणारी माणसं मिनिटाला सहसा पंधराहून कमी शब्द देतात; अक्षर-अक्षर निवडणारं मूल त्याहूनही कमी. वाढीव तासात त्याचा एक निबंध होत नाही. लेखनिक मिळतो, पण लेखनिक सांगितलेलं लिहितो. अक्षरांच्या तक्त्यावरून दाखवलेलं उतरवून घेणारा लेखनिक आधी तयार करावा लागतो.

साधनं आता आवाक्यात आहेत. चेन्नईत अजित नारायणन यांनी, ‘विद्यासागर’ या संस्थेतल्या मुलांसोबत काम करून, ‘आवाज’ हे साधन घडवलं. आयआयटी मुंबईत ‘जेलो’ हे चित्राधारित ॲप तयार झालं. ते मोफत आहे आणि मराठीतही आहे. मराठी मजकूर मोठ्याने वाचणारा आवाज साध्या अँड्रॉइड फोनमध्येही असतो. म्हणजे ज्या मुलीने अक्षरं जुळवून ‘मला शाळेत जायचं आहे’ लिहिलं, तिचं वाक्य फोन म्हणून दाखवू शकतो. पण ॲप घालून दिल्यावर शिकवणं आपोआप होत नाही. शिकवणाऱ्यालाच मुलापर्यंत जावं लागतं. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबादला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना नावं ठेवली नाहीत. शाळाच कुरणात नेली. गटसाधन केंद्रातले जे विशेष शिक्षक आज घरी बसलेल्या मुलांना भेटायला जातात, ते याच वाटेवर आहेत. त्यांच्या पिशवीत व्यायामाचं साहित्य असतं, चित्रकार्डं असतात. अक्षरांचा तक्ताही असायला हवा.

या सभागृहात शिक्षक आहेत, पालक आहेत, वाचनालयाचे कार्यकर्ते आहेत. आज घरी गेल्यावर एक पुठ्ठा घ्या. त्यावर स्वर, पाच वर्ग, उरलेली व्यंजनं आणि काना-मात्रा मोठ्या अक्षरांत आखा. एका कोपऱ्यात ‘चुकलं, पुन्हा’ आणि दुसऱ्या कोपऱ्यात ‘संपलं’ लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्या गल्लीत, वाडीत किंवा नात्यात एखादं न बोलणारं मूल नक्की असेल. त्याच्याकडे हा पुठ्ठा घेऊन जा, त्याच्यासमोर धरा आणि ‘क-ओळ?’ असं विचारून थांबा. पहिल्या दिवशी काही होणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.